ऐरणीपासून चकतीपर्यंत

ज्ञातीचा इतिहास लिहावयाचा म्हटले की कुळे, देवके आणि मूळ गावे यांचीच चर्चा बहुधा होते. ज्या हत्यारांनी आपले पोट भरले त्यांची हकीकत सहसा कोणी सांगत नाही. ती उणीव यथामति थोडीशी भरून काढावी, या हेतूने शहापूर व मुरबाड तालुक्यांतील लोहार बांधवांपुढे आम्ही हा लेख ठेवीत आहो.

आमच्या बालपणी या मुलखात लोखंड तोडणे म्हणजे घण आणि छिन्नी. मुलूख भातशेतीचा, तेव्हा विळे, कोयते, कुऱ्हाडी व नांगराचे फाळ हीच मुख्य कामे. मोडक्या मालमोटारींचे कमानपाटे आणावयाचे, ते भट्टीत लाल करावयाचे. एकाने छिन्नी धरावयाची, दुसऱ्याने घण घालावयाचा आणि घरच्या बाईने भाता ओढावयाचा. पौषातील म्हशाच्या यात्रेपूर्वी तर ऐरण रात्री उशिरापर्यंत वाजत असे.

धार लावणारा शिकलगार मात्र निराळे चाक वापरी. कुरुंदाच्या दगडाची भुकटी लाखेत कालवून ते घडवीत. आजची कापण्याची चकती ही त्याच चाकाची वंशज होय, हे आपणांपैकी फार थोड्यांस ठाऊक असेल. लोखंडाच्या चकतीवर ‘ए’ हे अक्षर असते. तो ॲल्युमिनियम ऑक्साइड म्हणजे भट्टीत तयार केलेला कुरुंदच. ‘सी’ अक्षराचे कार्बोरंडम अमेरिकेत ॲचिसन यांना १८९१ साली साधले. ते दगडाच्या कामाचे. लाखेची जागा पुढे कृत्रिम राळेने घेतली. बेकलंड यांनी तशी राळ १९०७ साली सिद्ध केली होती. आत काचतंतूंची जाळी आली. आपल्या कोकणातच, उरणजवळील मोरा येथे, १९४१ साली ग्राइंडवेलचा चाकांचा कारखाना निघाला. १९५४ साली मद्रासेत कार्बोरंडम युनिव्हर्सल स्थापन झाली आणि त्याच वर्षी जर्मनीत आकरमान-श्मिट यांनी वेगवान हातग्राइंडर बाजारात आणला. आज आसनगाव व मुरबाडकडील शेडमधून त्याचाच आवाज ऐकू येतो. घणाने तासभर घ्यावा ते काम मिनिटांत होते.

परंतु ऐरण चुकीची शिक्षा हळू देई. चकती ती तत्काळ देते. काही वर्षांपूर्वी आमच्याच नात्यातील एका तरुणाने ५ इंची यंत्राचे संरक्षक टोपण काढून त्यावर ७ इंची चकती चढविलेली आम्ही पाहिली. मनात शंका आली. पण त्याच्या धंद्यात आपण काय बोलावे, म्हणून गप्प राहिलो. आठवडाभरात चकती फुटली व त्याचा उजवा डोळा गेला. आम्ही जन्मभर मुलांना वर्तुळाचा परीघ शिकविला. तो एक गुणाकार त्या दिवशी केला नाही. ते यंत्र मिनिटास ११,००० फेरे घेते. त्यावर ७ इंची चकतीची कड सेकंदास सुमारे १०४ मीटर धावते. तिची मर्यादा ८० मीटरची. तिच्यावर ८,५०० फेऱ्यांचा आकडा छापलेलाही होता! वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात ताण वाढतो, म्हणजे तो दीडपटीहून अधिक झाला. यंत्राजवळ सुरक्षित वेगाची सूचना लावावी, असे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३० व्या कलमाने सांगितले होते. पण घरच्या शेडमध्ये कलम कोण वाचतो?

म्हणून निवड जाणतेपणाने करावी. चकतीवरील फेऱ्यांचा आकडा यंत्राच्या आकड्याहून कमी नसावा. पातळ पत्रा व नळी यांस १ मिलिमीटरची, जाड सळईस अडीच ते तीनची घ्यावी. स्टेनलेसकरिता लोह, गंधक व क्लोरीनविरहित चकती वेगळी मिळते. कठीण पोलादास मऊ बांधणीची लागते, कारण बोथट कण गळून नवे कण पुढे यावे लागतात. मधल्या कड्यावर मुदतीचा महिना व वर्ष असते. हाती धरावयाच्या यंत्राची चकती बनल्यापासून ३ वर्षांपलीकडे वापरू नये. राळ ओल शोषते आणि आपला पावसाळा तर चार महिन्यांचा! चकत्या कोरड्या फळीवर आडव्या ठेवाव्या. भिजलेली फेकून द्यावी. नवी चढविल्यावर बाजूस उभे राहून मिनिटभर रिकामी फिरवावी. टोपण काढू नये, चष्म्यावाचून यंत्र सुरू करू नये, कापावयाच्या चकतीच्या अंगाने घासू नये. माल व्हाइसमध्ये असा धरावा की काप उघडत जाईल. तो मिटला तर चकती अडकून यंत्र अंगावर उसळते.

खंडेनवमीस आपण हत्यारांना हळदकुंकू वाहतो. त्याच दिवशी प्रत्येक चकतीची तारीख वाचावी आणि मुदत सरलेली मोडून टाकावी. आणि कोणाचे टोपण निघालेले दिसले, तर वडीलधाऱ्यांनी भीड न धरता बोलावे. आम्ही बोललो नाही. आपण बोलावे, एवढीच विनंती.