पदार्थलहरींची ‘कला’ आणि तुर्भ्याचा वाटा

चंद्राच्या कला पंचांगात सापडतात. पदार्थाच्या लहरीची कला मात्र अशी सहजी हाती लागत नाही. लहर आपल्या चक्रात कुठवर पोचली, शिखरावर की दरीत, हे सांगणारी राशी म्हणजे तिची कला. कणालाही लहर असते, असे लुई द ब्रॉयी यांनी १९२४च्या प्रबंधात मांडले. पण एकट्या लहरीची कला दिसत नाही. लहर दुभंगून दोन वाटांनी न्यावी आणि पुन्हा एकत्र आणावी, तेव्हा कुठे दोहोंमधला कलाभेद कणांच्या मोजणीत उमटतो.

१९७५ साली कोलेला, ओव्हरहाउसर आणि वर्नर यांनी न्यूट्रॉनची एक वाट दुसरीपेक्षा किंचित उंच ठेवली. तेवढ्याने गुरुत्वाकर्षणाचा परिणाम कलेत दिसला. १९८३ साली बोन्झे आणि रोब्लेव्स्की यांनी उपकरणालाच त्वरण दिले, तेव्हाही कला अपेक्षेप्रमाणे बदलली. गुरुत्व आणि त्वरण समतुल्य आहेत, हे आइन्स्टाइनचे तत्त्व पदार्थलहरीलाही लागू पडते का, हा येथे पणाला लागलेला प्रश्न होता.

या कथेचा दुसरा धागा भारतीय आहे. १९५६ साली तुर्भ्यात ‘अप्सरा’ ही देशातली पहिली अणुभट्टी सुरू झाली. त्याच वर्षी बंगळूरला तरुण पंचरत्नम् यांनी प्रकाशाच्या ध्रुवीकरणात एक वेगळाच कलाभेद दाखवला. तो ऊर्जेमुळे नव्हे, तर अवस्थेने आक्रमिलेल्या मार्गाच्या भूमितीमुळे येतो. १९८४ साली मायकेल बेरी यांनी हीच कल्पना पुंजयामिकीत व्यापक केली. मग भूमितीची कला आणि ऊर्जेची कला वेगळ्या करायच्या कशा?

तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील अपूर्व वाघ आणि वीरचंद राखेचा यांनी परदेशी सहकाऱ्यांसह ते करून दाखवले. निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाले. दोन्ही वाटांवर न्यूट्रॉनचे परिवलन उलटवणारी साधने होती. ती परस्परांच्या सापेक्ष सरकवली की ऊर्जेची कला बदले, फिरवली की भूमितीची.

पुढे न्यूट्रॉनची जागा थंड अणूंनीही घेतली. त्वरणाने येणारी कला काळाच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेळ दुप्पट, तर कला चौपट. म्हणून संथ अणू मोलाचे. १९९१ साली कासेविच आणि चू यांनी लेझरने थंडावलेल्या सोडियम अणूंवर त्वरण मोजले. १९९५ साली रुबिडियमचे बोस-आइन्स्टाइन संघनित साधले. आज पुण्याच्या आयसरमध्येही थंड रुबिडियम अणूंवर प्रयोग होतात. उपकरणे बदलली, तरी मोजलेल्या कलेतला कोणता अंश कशामुळे आला, हा तुर्भेकरांनी हाताळलेला प्रश्न प्रत्येक नव्या प्रयोगाला सोडवावाच लागतो.