नेमाची परीक्षा

मागच्या महिन्यात भाच्याचा फोन आला. हा मूळचा लातूरचा, सध्या स्कॉटलंडमध्ये वनशास्त्र शिकतोय. म्हणाला, "मामा, हरणाच्या शिकारीची परीक्षा देतोय. गोळीबाराची तयारी चालू आहे."

फोन स्पीकरवर होता. घरात एकदम शांतता. आमची आई तर "अरे देवा, त्या सलमानसारखं नको रे बाबा" असं म्हणून उठूनच गेली. १९९८ चं ते काळवीट प्रकरण आमच्या घरात अजून ताजं आहे!

मग त्याने नीट समजावलं. ब्रिटनमध्ये लांडगे संपून शतकं लोटली. हरणांना खाणारं कोणी उरलं नाही, त्यामुळे ती वाढतात आणि नवी रोपं उभीच राहू देत नाहीत. म्हणून दरवर्षी ठरावीक संख्येने मारावी लागतात. त्यासाठी 'डीएससी लेव्हल वन' नावाचं प्रमाणपत्र आहे. कायद्याने सक्तीचं नाही, पण जंगलाच्या कामात ते असलेलं बरं. त्यात लेखी पेपर आहे, तिथल्या सहा जातींची हरणं ओळखायची आहेत, बंदूक सुरक्षित हाताळून दाखवायची आहे आणि शेवटी नेम.

नेमाची परीक्षा अशी : १०० मीटरवरून तीन गोळ्या चार इंची वर्तुळात. मग हरणाचं चित्र. १०० मीटरवरून झोपून दोन, ७० वरून बसून किंवा गुडघ्यावर दोन, ४० वरून उभ्याने दोन. सगळ्या गोळ्या छातीच्या ठरलेल्या भागात, म्हणजे हृदय-फुफ्फुसांवर लागल्या पाहिजेत. सरावात याची उभ्याने मारलेली एक गोळी हटकून बाहेर जाते. फक्त दोन बोटं. "पण मामा, कागदावरची दोन बोटं म्हणजे खऱ्या हरणात फुफ्फुसाऐवजी पोट. ते मरत नाही, पळतं."

हे वाक्य डोक्यातून जाईना. आपल्या भागात हरणांची शिकार शतकानुशतकं झाली. गोळी किंवा बाण सोडणाऱ्याला 'आधी नेम दाखव' असं कोणी विचारलं होतं का?

आपल्या निलंग्याच्या पलीकडे, हद्द ओलांडली की बसवकल्याण लागतं. ही चालुक्यांची राजधानी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ आहे, साधारण ११२९ सालचा. राजाने राज्य कसं करावं इथपासून काय खावं इथपर्यंत सगळं त्यात आहे, आणि मृगयाही. पण ती येते विनोदांमध्ये, म्हणजे राजाच्या करमणुकींमध्ये. राजाची परीक्षा कोण घेणार?

दुसरे शिकारी पारधी. फासेपारध्यांचं नावच फाशांवरून पडलं. त्यांची विद्या बापाकडून मुलाकडे जायची. कळप कुठून येतो, कुठे बिचकतो, हे ज्याला कळत नाही तो उपाशी झोपणार, हीच परीक्षा. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने कितीतरी जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला, त्यात पुढे पारधीही आले. तो शिक्का १९५२ साली कागदावरून पुसला गेला. लोकांच्या मनातून पुसायला अजून वेळ लागतोय.

तिसरे म्हणजे आमच्यासारखे. निजामाच्या राजवटीत आजोबांकडे बंदूक होती. ते सांगायचे, परवाना घराण्याची पत बघून मिळायचा. नेम कसाही असो! शिकारीच्या गोष्टी रंगवून सांगावं तर त्यांनीच. पहाटेचा गारवा, ज्वारीच्या कडेला काळवीट, एक बार आणि खेळ खलास.

पण एक गोष्ट त्यांनी कधी सांगितली नाही. ती आजीने सांगितली, तेही ते गेल्यानंतर. एक मादी छर्रे लागून पळाली. गड्यांनी अंधार पडेपर्यंत शोधली, सापडली नाही. तिसऱ्या दिवशी ओढ्याकडे गिधाडं घिरट्या घालताना दिसली. आजी म्हणाली, "त्या रात्री जेवले नाहीत. पण आठ दिवसांनी पुन्हा गेलेच."

पुढे १९७२ आलं. आपल्याला ते साल दुष्काळामुळे पाठ आहे, पण त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदाही झाला. काळवीट आज त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण. (जाता जाता : आपण हरीण म्हणत असलो तरी काळवीट सांबर-चितळांच्या कुळातलं नाही. त्यांची शिंगं गळून पुन्हा येतात, काळविटाची जन्मभर राहतात.)

कायदा हवाच होता. पण आज लातूरकडे गेलो की मेहुणे कोवळ्या सोयाबीनचे शेंडे दाखवतात, कळपाने रात्रीत खाल्लेले. त्यांचं नुकसान खरं आहे. पीक खाल्लं म्हणून काळविटाला मारता येत नाही. रोही आणि रानडुक्कर यांच्यासाठी मात्र राज्य सरकारने २०१५ साली परवानगीची वाट काढली. या विषयावर पारावर बसलं की पंचनामा, भरपाई, परवानगी सगळं निघतं. गोळी चालवणाऱ्याचा नेम कसा आहे, यावर कोणी बोललेलं मी ऐकलं नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी प्रशिक्षण आणलं हे चांगलंच झालं. तरी बंदूक नीट धरता येणं वेगळं आणि चाळीस पावलांवरचं जनावर एका गोळीत पाडता येणं वेगळं.

मारावं की मारू नये, हा वाद मोठा आहे आणि माझं मत मेहुण्यांसमोर टिकत नाही, हेही खरं. पण मारायचंच असेल तर आधी कागदावर सिद्ध कर, ही अट मला पटली. ती अट असती तर आजोबांना बंदूक मिळाली असती का, कोण जाणे.

असो. भाच्याची परीक्षा पुढच्या शनिवारी आहे. आईने त्याला कळवायला सांगितलंय, "नेम नीट जमत नसेल तर पास होऊ नकोस."

ता.क. आजोबांची बंदूक नेमकी कोणत्या साली जमा केली, हे मोठ्या काकांना आठवत असेल तर कळवावं. माझ्या आणि ताईच्या आठवणीत पाच वर्षांचा फरक पडतोय.