प्रवचन-प्रकाशन, ख्रिस्ती

चर्चमधील उपासनेत धर्मगुरूने वा पाळकाने केलेले प्रवचन लिहून, छापून वा ध्वनिमुद्रित करून उपस्थित मंडळीबाहेरील लोकांपर्यंत पोहोचविण्याची प्रथा. प्रवचन हे मूलतः बोलले जाते व एका विशिष्ट मंडळीला उद्देशून केले जाते. ते टिकावयाचे, तर ते उतरून घेणे, तपासणे, त्याच्या प्रती काढणे आणि त्या जतन करणे ही चार कामे कोणीतरी करावी लागतात. लघुलेखकापासून इंटरनेटवरील संकेतस्थळापर्यंतचा या प्रथेचा इतिहास मुख्यतः ही कामे कोणी केली व कोणते काम राहून गेले, याचा इतिहास आहे.

मुद्रणपूर्व काळ : रोमन जगात लघुलेखनाची कला प्रचलित असल्याने चौथ्या-पाचव्या शतकांतील नामवंत प्रवचनकारांची वाणी ते बोलत असतानाच टिपली जाई. उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) याची पाचशेहून अधिक प्रवचने आज उपलब्ध आहेत, ती बव्हंशी अशा लेखनिकांमुळे. तथापि त्याने आयुष्यभर केलेल्या प्रवचनांचा हा अल्प अंशच होय. लुप्त प्रवचनांपैकी काही अद्यापि उजेडात येतात. १९९० मध्ये फ्रेंच संशोधक फ्रांस्वा दोल्बो याला जर्मनीतील माइन्त्स येथील एका हस्तलिखितात ऑगस्टीनची २६ प्रवचने आढळली. त्यांपैकी काही पूर्णतः अज्ञात होती, तर काहींचे केवळ उतारे पूर्वी ठाऊक होते. मध्ययुगात प्रवचनसंग्रह प्रामुख्याने इतर धर्मगुरूंच्या उपयोगासाठी तयार होत. शार्लमेनच्या आज्ञेवरून पॉल द डीकन याने आठव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध केलेला संग्रह या प्रकारचा आहे.

मुद्रणयुग : मुद्रणामुळे प्रवचनाला सामान्य वाचक लाभला. मार्टिन ल्यूथरने पापक्षमापत्रांविषयी १५१८ मध्ये जर्मन भाषेत लिहिलेल्या, ‘प्रवचन’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या पुस्तिकेच्या दोन-अडीच वर्षांत वीसहून अधिक आवृत्त्या निघाल्या. जिनीव्हात जॉन कॅल्व्हिन टिपणाविना बोलत असे. तेथील फ्रेंच निर्वासितांनी १५४९ मध्ये दनी रागेनिए या लघुलेखकाची त्यासाठी नेमणूक केली. त्याने सु. अकरा वर्षांत सु. दोन हजार प्रवचने उतरून घेतली व त्यांचे हस्तलिखित खंड तयार झाले. १८०५ मध्ये जिनीव्हाच्या ग्रंथालयाने यांतील बहुतेक खंड कागदाच्या वजनावर विकून टाकले. पुढे त्यांपैकी थोडेच परत मिळाले. उतरून घेण्याचे काम इतक्या निष्ठेने झाले असताही जतनाचे काम ढिले पडले, तर काय होते, याचे हे बोलके उदाहरण होय.

या प्रथेला सर्वांत व्यवस्थित रूप दिले, ते लंडनमधील बॅप्टिस्ट प्रवचनकार चार्ल्स हॅडन स्पर्जन (१८३४–९२) याने. जानेवारी १८५५ पासून त्याचे एक प्रवचन दर आठवड्यास एक पेनी किंमतीत निघू लागले. रविवारी लघुलेखक ते टिपून घेई, सोमवारी स्पर्जन स्वतः प्रत तपासून दुरुस्त करी व गुरुवारी ते विक्रीस येई. प्रत्येक अंकावर अनुक्रमांक, तारीख, स्थळ व बायबलमधील आधारवचन असे. त्याच्या मृत्यूनंतरही शिल्लक प्रवचने निघत राहिली. युद्धकालीन कागदटंचाईमुळे मे १९१७ मध्ये ही मालिका थांबली, तेव्हा तिचे ३,५६३ अंक व एकूण ६३ खंड झाले होते. चारही कामे एकाच व्यवस्थेत सांभाळली गेल्याने हे साहित्य जवळजवळ अखंड टिकले.

मराठीत ख्रिस्ती धर्मसाहित्याच्या प्रसाराला नियतकालिकांचे साहाय्य झाले. अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथे १८४२ मध्ये सुरू केलेले ज्ञानोदय हे त्यांतील अग्रगण्य होय. ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती उपदेशासाठी कीर्तनाचा अवलंब केला. परंतु कीर्तनातील गायन व निरूपण कागदावर पूर्णपणे उतरत नाही.

ध्वनीचे युग : २ जानेवारी १९२१ रोजी अमेरिकेतील पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चमधील उपासना प्रक्षेपित केली. १९३१ मध्ये व्हॅटिकन रेडिओ सुरू झाला. १९६३ मध्ये आलेल्या ध्वनिफीत-कॅसेटमुळे लहान मंडळींनाही प्रती काढणे परवडू लागले. आता प्रवचनकाराचा आवाज, त्याचे थांबणे व हेलही दूर जाऊ लागले. मात्र प्रत तपासून दुरुस्त करण्याची पायरी बहुधा गळाली.

इंटरनेट : १९९० नंतरच्या दशकात प्रवचनांच्या संहिता संकेतस्थळांवर येऊ लागल्या. स्वामित्वहक्काची मुदत संपलेली स्पर्जनसारख्यांची प्रवचने त्यांत लवकर आली. संकुचित ध्वनिफायलींमुळे संपूर्ण प्रवचन ऐकणे शक्य झाले व २००० मध्ये अमेरिकेत सर्मनऑडिओ हे केवळ प्रवचनांचे संकेतस्थळ निघाले. २००४ च्या सुमारास रूढ झालेल्या पॉडकास्टिंगमुळे नवे प्रवचन श्रोत्याच्या यंत्रावर आपोआप पोहोचू लागले. २००३ मध्ये प्रथम प्रसृत झालेल्या वर्डप्रेस या विनामूल्य आज्ञावलीमुळे, तसेच सर्मन ब्राउझर, सर्मन मॅनेजर यांसारख्या तिच्या जोड-आज्ञावलींमुळे तंत्रज्ञ नसलेल्या स्वयंसेवकालाही हे काम करता येऊ लागले. त्यांत प्रवचनाची तारीख, वक्ता, आधारवचन, मालिका व ध्वनिफाईल यांची स्वतंत्र नोंद होते. त्यामुळे बायबलमधील एखाद्या पुस्तकावरील सर्व प्रवचने एकत्र पाहता येतात. स्पर्जनच्या अंकाच्या शिरोभागी असलेलीच माहिती येथे शोधाचे साधन बनते. मार्च २०२० मध्ये कोव्हिड-१९ च्या साथीमुळे अनेक देशांत सार्वजनिक उपासना थांबल्या, तेव्हा असंख्य मंडळींचा प्रवचनाशी संबंध याच मार्गाने टिकून राहिला.

या सुलभतेबरोबर दोन प्रश्न उद्‌भवले. पहिला मर्यादेचा : परिचित मंडळीपुढे सांगितलेले एखाद्या कुटुंबाचे दुःख किंवा प्रार्थनेसाठी घेतलेले रुग्णाचे नाव संकेतस्थळावर सर्व जगास खुले होते. ते गाळणारा संपादक आवश्यक असतो. पण लहान चर्चमध्ये तो क्वचितच असतो. दुसरा प्रश्न टिकाऊपणाचा : जोड-आज्ञावलीची देखभाल थांबली की काही वेळा ध्वनिफाईल उरते, पण तिची तारीख, वक्ता व आधारवचन यांच्याशी असलेली जोडणी तुटते. सर्व्हरचे वार्षिक शुल्क थकले, तर तेवढेही उरत नाही. युनिकोड रूढ होण्यापूर्वी विशिष्ट फाँटवर विसंबून टंकलिखित केलेला मराठी मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसतो, हा त्याच दोषाचा एक प्रकार होय.

म्हणून ध्वनीबरोबर लिखित संहिता ठेवणे, खुली व सर्वमान्य फाईलस्वरूपे वापरणे, आज्ञावलीतील नोंदी वेळोवेळी बाहेर काढून ठेवणे आणि प्रती एकाहून अधिक ठिकाणी जतन करणे हे उपाय इष्ट ठरतात. प्रती काढण्याचे काम आज जवळजवळ विनामूल्य झाले आहे. जतनाचे काम मात्र पूर्वीप्रमाणेच माणसाच्या दक्षतेवर अवलंबून आहे. ऑगस्टीनची प्रवचने अनेक मठांत अनेकांनी नकलून ठेवल्यामुळे वाचली, तर जिनीव्हातील खंड एकाच ठिकाणी असल्याने एका व्यवहारात पांगले.