खासगी मोटार भाड्याने देण्यातील जोखीम

घरातील जादा मोटार उभी ठेवण्यापेक्षा ती भाड्याने द्यावी, असा विचार अनेक कुटुंबे करतात. मात्र खासगी वापरासाठी नोंदलेल्या मोटारीचा असा वापर कायद्याला मान्य नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६६ नुसार परिवहन वाहनासाठी परवाना आवश्यक असतो. परवान्याविना वाहन वापरल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९२-अ अन्वये पहिल्या गुन्ह्यासाठी दहा हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

ग्राहकाने स्वतः चालवण्यासाठी मोटारी भाड्याने देणाऱ्या व्यावसायिकांकरिता केंद्र सरकारने १९८९ मध्ये 'रेंट अ कॅब' योजना लागू केली. त्यानुसार परवानाधारकाकडे किमान ५० वाहने असावी लागतात. अशा वाहनांच्या पाटीवर काळ्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरे असतात. गोव्यातील पर्यटकांना ही पाटी परिचित आहे.

खरा धोका अपघाताच्या वेळी उद्भवतो. खासगी मोटारीच्या विमापत्रात भाड्याने दिलेल्या वापराला संरक्षण नसते. त्यामुळे मोटारीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. जखमींना दिलेली भरपाई विमा कंपनी मालकाकडून वसूल करू शकते. कायद्यानुसार नोंदणी ज्याच्या नावावर, तोच मालक ठरतो.

मोबदला न घेता आप्तांना मोटार देणे हा व्यवसाय ठरत नाही. तथापि चालकाकडे वैध अनुज्ञप्ती असल्याची खात्री मालकाने करणे आवश्यक आहे.