एका तासाचा हिशेब : सायकलशर्यतीच्या सरावशास्त्राची गोष्ट

#इतिहास #थ्रेड

१/
७ नोव्हेंबर १९४२. इटलीतील मिलान शहर. ब्रिटिश विमानांनी भर दिवसा केलेल्या बॉम्बहल्ल्याला दोनच आठवडे झाले आहेत. अशा शहरातील विगोरेल्ली ट्रॅकवर इटलीच्या सैन्यातील तेवीस वर्षांचा एक शिपाई सायकलवर बसतो आणि तासभर गोल फिरत राहतो. त्याचे नाव फाउस्तो कोप्पी. तासाअखेर अंतर भरते ४५.७९८ किमी. आधीच्या विक्रमापेक्षा अवघे ३१ मीटर जास्त.

२/
‘तासाच्या विक्रमा’चा नियम एका ओळीत सांगता येतो : एक सायकलपटू, एक ट्रॅक, साठ मिनिटे, जितके अंतर कापाल तितके तुमचे. समोर प्रतिस्पर्धी नाही, उतार नाही, आडोशाला संघातला सोबती नाही. त्यामुळे गेली सव्वाशेहून अधिक वर्षे हा विक्रम सरावाच्या विचारांची कसोटी ठरला आहे. शरीर कसे घडवावे, या प्रश्नाची प्रत्येक पिढीने दिलेली उत्तरे इथे तपासली गेली. त्यांतली काही खरी निघाली, काही उसनी.

३/
पहिला आकडा ११ मे १८९३ चा. पॅरिसच्या बुफालो वेलोड्रोमवर आंरी डेग्रांज याने तासात ३५.३२५ किमी अंतर कापले. हाच डेग्रांज पुढे १९०३ मध्ये ‘टूर द फ्रान्स’चा जनक झाला. विक्रमानंतर वर्षभराने त्याने तरुण सायकलपटूंसाठी सल्ल्यांचे पुस्तकही लिहिले. शीर्षकाचा अर्थ ‘डोके आणि पाय’. सराव ही विचारपूर्वक करण्याची गोष्ट आहे, हे भान तेव्हापासूनचे. मात्र त्या विचाराला आधार होता तो अनुभवाचा आणि ऐकीव समजुतींचा. मोजमाप अजून यायचे होते.

४/
त्याच वर्षी, त्याच ट्रॅकवर मादमोआझेल द सँ-सोव्हर या महिलेने तासात २६.०१२ किमी अंतर कापले. स्त्रियांच्या विक्रमाला अधिकृत मान्यता मिळायला मात्र १९५५ साल उजाडावे लागले.

५/
३५ वरून ४५ किमीवर जाणे किती कठीण? सपाट ट्रॅकवर सायकलपटूची बहुतेक ताकद हवा कापण्यात खर्च होते, आणि ही ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट लागते. डेग्रांजच्या आणि कोप्पीच्या वेगात साधारण तीस टक्क्यांचा फरक आहे. पण तीच बैठक आणि तीच हवा गृहीत धरली, तर त्यासाठी दुपटीहून अधिक ताकद हवी. म्हणून दोनच वाटा उरतात : इंजिन मोठे करा, नाहीतर हवेचा अडथळा कमी करा.

६/
इंजिनाचा अभ्यास प्रयोगशाळेत सुरू झाला. स्नायूंतील उष्णतेवरील संशोधनासाठी १९२२ चे नोबेल मिळवणारे ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ आर्चिबाल्ड हिल स्वतः पाठीवर हवेची पिशवी बांधून धावले. उच्छ्वासातील हवा त्या पिशवीत जमा करून तिचे पृथक्करण केले गेले. निष्कर्ष असा : वेग वाढत गेला तरी शरीराच्या प्राणवायू घेण्याच्या क्षमतेला एक कमाल मर्यादा असते. दमसासाला प्रथमच आकडा मिळाला.

७/
ही मर्यादा वाढवायची कशी? १९३० च्या दशकात जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि हृदयतज्ज्ञ हान्स राइंडेल यांनी एक पद्धत बसवली. छोटे अंतर जोरात धावायचे, नाडी १८० च्या आसपास न्यायची, मग थांबायचे. दीड मिनिटात नाडी १२० पर्यंत उतरली की पुन्हा धाव. उतरलीच नाही, तर त्या दिवशीचा भार अधिक झाला असे समजायचे. त्यांच्या मते हृदय बळकट होत होते ते धावताना कमी आणि विसाव्यात अधिक. आजच्या ‘इंटरव्हल’ सरावाचा हा एक मूळ झरा.

८/
सायकलशर्यतीचे जग मात्र आपल्या परंपरेने चालत होते. कोप्पीला घडवले ते नोव्ही लिगुरे गावातील बियाजो कावान्ना या दृष्टी गमावलेल्या मालिशकाराने. तो पोरांच्या मांड्या, पाठ, नाडी बोटांनी चाचपून कोण तयार आहे, कोण थकले आहे हे सांगत असे. शिस्त, आहार, झोप यांवर त्याचा कटाक्ष होता. उपकरण नव्हते, पण निरीक्षण होते, आणि तेच कोप्पीच्या कामी आले.

९/
या परंपरेची काळी बाजूही होती. १३ जुलै १९६७ रोजी मों व्हाँतूच्या चढावर ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्पसन कोसळला आणि मरण पावला. त्याच्या शरीरात अँफेटामिन आढळले. थकव्याची जाणीव बधिर करणारे हे उत्तेजक शरीराची क्षमता वाढवत नाही. धोक्याची घंटा तेवढी बंद करते. त्याच वर्षी सप्टेंबरात जाक आंकतीलने तासाला ४७.४९३ किमी गाठले. पण ट्रॅकवर लघवीचा नमुना देण्यास नकार दिल्याने तो विक्रम नामंजूर झाला.

१०/
२५ ऑक्टोबर १९७२. बेल्जियमचा एडी मर्क्स मेक्सिको सिटीत उतरला. समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवरील विरळ हवेत अडथळा कमी. पण प्राणवायूही कमी. फायदा आणि तोटा एकाच श्वासात. म्हणून मर्क्सने घरीच रोलरवर सायकल चालवत, मुखवट्यातून कमी प्राणवायूची हवा घेत सराव केला होता. अंतर भरले ४९.४३१ किमी. सायकलवरून उतरल्यावर त्याला धड चालवत नव्हते. पुन्हा त्याने हा प्रयत्न कधीच केला नाही.

११/
खरी क्रांती आणि खरा पेच एकत्रच आले. इटलीतील फेर्रारा विद्यापीठाचे जीवरसायनशास्त्रज्ञ फ्रांचेस्को कॉन्कोनी यांनी १९८२ मध्ये एक सोपी चाचणी प्रसिद्ध केली. वेग टप्प्याटप्प्याने वाढवायचा आणि नाडीचा आलेख काढायचा. रेषा जिथे वाकते तो त्या खेळाडूचा उंबरठा. त्याच्या अलीकडे दम टिकतो, पलीकडे स्नायू भरून येतात. सराव या उंबरठ्याभोवती बेतायचा. रेषेचे हे वळण सर्वांच्याच बाबतीत दिसत नाही, असा आक्षेप पुढे अनेक संशोधकांनी घेतला. तरी उंबरठ्याची कल्पना सरावात रुजली.

१२/
कॉन्कोनी यांच्या चमूने बत्तीस वर्षांच्या फ्रांचेस्को मोझेरला तयार केले. जानेवारी १९८४, पुन्हा मेक्सिको सिटी. १९ तारखेला ५०.८०८ किमी, चारच दिवसांनी ५१.१५१ किमी. भरीव तबकडीसारखी चाके, अंगाला चिकटलेला पोशाख, आखीव सराव. जगाला वाटले, विज्ञान जिंकले.

१३/
पुढे मोझेरनेच कबूल केले की त्या तयारीत रक्तसंक्रमणही होते. स्वतःचेच रक्त आधी काढून साठवायचे आणि मोक्याच्या वेळी पुन्हा शरीरात सोडायचे. तांबड्या पेशी वाढतात, प्राणवायू अधिक वाहून नेला जातो. १९८४ मध्ये यावर बंदी नव्हती. ती त्यानंतर लवकरच आली. नियमभंग झाला नव्हता. पण पायांनी कमावलेले किती आणि पिशवीतून आलेले किती, हे वेगळे काढण्याची सोय आता कुणाकडेच उरली नव्हती.

१४/
पुढची कथा अधिक कडवट आहे. तांबड्या पेशी वाढवणारे एरिथ्रोपोएटिन शोधण्याची चाचणी तयार करण्यासाठी कॉन्कोनी यांना ऑलिंपिक संघटनांकडून निधी मिळत होता. तेच औषध खेळाडूंना दिल्याच्या आरोपावरून त्यांच्यावर खटला चालला. मुदत उलटल्यामुळे शिक्षा झाली नाही. पण न्यायालयाने त्यांना नैतिकदृष्ट्या निर्दोष मानले नाही. कुंपणाची राखण ज्याच्याकडे, त्याच्यावरच शेत खाल्ल्याचा आरोप आला.

१५/
दरम्यान, मोजमापाची एक प्रामाणिक वाट उघडत होती. १९८६ मध्ये जर्मन अभियंता उलरिश शोबेरर यांनी क्रँकमध्येच ताणमापक बसवून पेडलवरील ताकद वॅटमध्ये मोजणारे उपकरण बनवले. नाडी मागाहून बोलते. उष्मा, जागरण, काळजी यांनी तिचा आकडा बदलतो. वॅट त्याच क्षणी बोलतो. ‘आज जोर लावला’ या वाक्याला प्रथमच तपासता येईल असा अर्थ आला.

१६/
१९९३ च्या जुलैत दोन ब्रिटिश सायकलपटूंनी दोन वाटा दाखवल्या. स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्रीने स्वतः बांधलेल्या सायकलीत धुलाईयंत्राचे बेअरिंग वापरले होते. १६ जुलैला नॉर्वेतील हामार येथे त्याचा पहिला प्रयत्न फसला. रात्री स्नायू आखडू नयेत म्हणून तो भरपूर पाणी पिऊन झोपला : लघवीसाठी जाग आली की उठायचे आणि अंग ताणायचे. दुसऱ्याच दिवशी त्याने ५१.५९६ किमीचा विक्रम केला.

१७/
सहाच दिवसांनी क्रिस बोर्डमनने बोर्दो येथे ५२.२७० किमी गाठले. त्याच्यामागे शरीरशास्त्रज्ञ पीटर कीन यांचा चाचण्यांवर बेतलेला सराव होता. १९९६ मध्ये बोर्डमनने हात पुढे पसरून बसण्याच्या नव्या बैठकीत ५६.३७५ किमी नोंदवले. मग महासंघाने प्रश्न केला : हा विक्रम माणसाचा की सायकलीचा? २००० साली ठरले, मर्क्सच्या काळातील साध्या बांधणीची सायकल वापरावी.

१८/
२७ ऑक्टोबर २०००, मँचेस्टर. जुन्या धाटणीच्या सायकलवर बोर्डमनने ४९.४४१ किमी कापले. अठ्ठावीस वर्षांच्या विज्ञानानंतर मर्क्सहून फक्त १० मीटर पुढे! त्या वेळी त्याची हाडे विरळ होत चालली होती. उपचारासाठी लागणारे संप्रेरक प्रतिबंधित यादीत होते. ते घेत शर्यतीत राहण्याऐवजी त्याने हा शेवटचा तास पूर्ण केला आणि निवृत्ती घेतली.

१९/
२०१४ मध्ये नियम पुन्हा सैल झाले. ऑगस्ट २०२२ मध्ये ५५.५४८ किमीचा विक्रम केला तो डॅन बिगम या अभियंत्याने. त्याच्याच ज्ञानाच्या मदतीने ८ ऑक्टोबरला फिलिप्पो गान्नाने ५६.७९२ किमी गाठले. २०२३ मध्ये इटलीची विट्टोरिया बुस्सी ५० किमी ओलांडणारी पहिली महिला ठरली. तिची डॉक्टरेट गणितातली आहे.

२०/
कावान्नाची बोटे, हिल यांची पिशवी, कॉन्कोनी यांचा आलेख, शोबेरर यांचा वॅट : प्रत्येकाने शरीराविषयी काही खरे सांगितले. फसवणूक झाली ती मोजण्यामुळे नव्हे. मोजलेला आकडा वाढवण्यासाठी शरीराबाहेरून काहीतरी आणण्याचा मोह झाला तेव्हा. म्हणून मोठ्या आकड्यांच्या या इतिहासात बोर्डमनचे ते १० मीटर विसरता येत नाहीत.