परदेशस्थ जोडीदाराकडे जाताना : विवाहाधारित व्हिसाची कागदपत्रे आणि कोल्हापुरातील पूर्वतयारी

परदेशात नोकरी करणारा मुलगा तीन आठवड्यांच्या रजेवर येतो, साखरपुडा व लग्न एकाच सुटीत उरकते आणि हळदीचा रंग फिका होण्यापूर्वीच नवरदेव परतीच्या विमानात बसतो. कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लज वा कागल परिसरातील अनेक घरांना हे चित्र परिचयाचे आहे. वधू मात्र मागे राहते. तिचा पुढील प्रवास मुहूर्तावर अवलंबून नसतो, तो कागदपत्रांवर अवलंबून असतो. दाखल्यातील एखाद्या अक्षराचा फरक किंवा वेळेत न झालेली विवाहनोंदणी पतीपत्नींचा विरह कित्येक महिन्यांनी लांबवू शकते. परदेशस्थ स्त्रीशी विवाह केलेल्या येथील तरुणांनाही हेच लागू पडते. त्यामुळे कोणती कागदपत्रे, कोठून आणि कोणत्या क्रमाने मिळवावीत, याची माहिती विवाहापूर्वीच करून घेणे हितावह ठरते.

विवाहनोंदणी : पहिला आणि अनिवार्य टप्पा

लग्नपत्रिका, छायाचित्रे व सप्तपदीची चित्रफीत हे विवाहाचे पूरक पुरावे होत. परदेशी दूतावासांना हवे असते ते शासकीय विवाह नोंदणी प्रमाणपत्र. सर्वोच्च न्यायालयाने सीमा विरुद्ध अश्विनीकुमार या खटल्यात १४ फेब्रुवारी २००६ रोजी सर्वधर्मीय विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश राज्यांना दिले. महाराष्ट्रात त्यापूर्वीच 'महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियम, १९९८' अस्तित्वात आला होता. या कायद्यान्वये विवाहानंतर ९० दिवसांच्या आत नोंदणीचे ज्ञापन सादर करावयाचे असते. मुदत उलटल्यास विलंब शुल्क भरून नोंदणी करता येते. शहरात महानगरपालिकेकडे, तर ग्रामीण भागात ग्रामपंचायतीकडे हे काम असते.

नोंदणीच्या वेळी पती, पत्नी व तीन साक्षीदार यांच्या स्वाक्षऱ्या आवश्यक असतात. नेमकी येथेच अनेक कुटुंबांची चूक होते. पाहुणे, देवदर्शन आणि मेजवान्या यांत रजा संपते, पती परत जातो आणि त्याच्या अनुपस्थितीमुळे नोंदणी अडून पडते. यासाठी लग्नाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच नोंदणी होईल, असे नियोजन आधी करावे. अर्जाचा नमुना, वयाचे व रहिवासाचे पुरावे, साक्षीदारांची ओळखपत्रे आणि पुरोहितांची स्वाक्षरी यांची जुळवाजुळव वर येण्यापूर्वीच करून ठेवता येते.

वर किंवा वधू परदेशी नागरिक असल्यास, अथवा दोघांचे धर्म भिन्न असल्यास, सामान्यतः विशेष विवाह अधिनियम, १९५४ चा मार्ग घ्यावा लागतो. या कायद्यानुसार दोहोंपैकी एकाचे संबंधित जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य असणे आवश्यक असून विवाह अधिकाऱ्याकडे दिलेल्या नोटिशीनंतर ३० दिवस थांबावे लागते. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत विवाह न झाल्यास ती रद्द होते. तीन आठवड्यांच्या रजेत हे गणित बसत नाही, हे तारीख ठरविण्यापूर्वीच लक्षात घेतलेले बरे. परदेशी नागरिकाला आपण अविवाहित असल्याचा त्याच्या देशाचा दाखलाही सोबत आणावा लागतो. विवाहाच्या कायदेशीर मान्यतेचा प्रश्न करवीरनगरीला नवा नाही. छत्रपती शाहू महाराजांनी १९१९ मध्येच आपल्या संस्थानात आंतरजातीय विवाहांना कायद्याचे पाठबळ दिले होते.

जन्मदाखला आणि '१ जून'चे कोडे

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये मिळणारा जन्मदाखला हा दुसरा महत्त्वाचा कागद होय. जुन्या नोंदींत बाळाचे नाव नसणे ही नित्याची अडचण आहे. बारशापूर्वीच नोंद झालेली असल्याने नावाचा रकाना रिकामा असतो व केवळ 'मुलगी' किंवा 'मुलगा' एवढाच उल्लेख आढळतो. असा दाखला व्हिसासाठी अपुरा ठरतो. संबंधित निबंधकाकडे अर्ज करून नावाची नोंद करून घ्यावी लागते.

दुसरी अडचण जन्मतारखेची. पूर्वी मूल शाळेत घालताना वय बसावे म्हणून गुरुजींनी १ जून ही तारीख लिहून टाकल्याची असंख्य उदाहरणे महाराष्ट्रात आहेत. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर १ जून, तर ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत वेगळीच तारीख, असा पेच उद्भवतो. पासपोर्ट शाळेच्या दाखल्यावरून काढलेला असल्यास दोन शासकीय कागद परस्परविरोधी ठरतात. अर्ज भरण्यापूर्वीच ही तफावत दूर करावी. मुलाखतीच्या दिवशी तोंडी खुलासा करून ती मिटत नाही.

जन्माची नोंदच सापडत नसेल, तर निबंधकाकडून नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्यावा. अमेरिकेच्या आप्रवासी व्हिसासाठी अशा दाखल्यासोबत आईवडिलांची अथवा जन्माची माहिती असलेल्या ज्येष्ठ नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे जोडण्याची सोय आहे. निपाणी किंवा बेळगाव परिसरातील माहेर असलेल्या वधूंचे काही जुने कागद कन्नडमध्ये असतात. त्यांचे इंग्रजी भाषांतर करून, भाषांतर अचूक असल्याचे व दोन्ही भाषा अवगत असल्याचे भाषांतरकाराचे स्वाक्षरीसह निवेदन जोडावे.

माहेरचे नाव, सासरचे नाव

विवाहानंतर वडिलांच्या नावाच्या जागी पतीचे नाव व सासरचे आडनाव लावण्याची आपल्याकडे प्रथा आहे. काही घरांत तर वधूचे पहिले नावही बदलले जाते. त्यामुळे पदवी प्रमाणपत्रावर एक, विवाह प्रमाणपत्रावर दुसरे आणि बँकेच्या पुस्तकावर तिसरे नाव, अशी स्थिती होते. परदेशी अधिकाऱ्याच्या दृष्टीने त्या तीन निरनिराळ्या व्यक्ती असू शकतात.

व्हिसासाठी नाव बदलणे बंधनकारक नाही. माहेरचेच नाव ठेवावयाचे असल्यास सर्व कागदांवर तेच ठेवावे. बदलावयाचे असल्यास विवाह प्रमाणपत्राच्या आधारे प्रथम पासपोर्ट नव्याने काढून घ्यावा आणि मगच व्हिसाचा अर्ज करावा. पहिले नाव बदलले असेल, तर शासन राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत जपून ठेवावी. पासपोर्टावर आडनावाचा रकाना रिकामा नाही ना आणि इंग्रजी स्पेलिंग सर्वत्र एकच आहे ना, हेही तपासावे. कोल्हापूर जिल्हा पुणे येथील प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या कक्षेत येतो.

अमेरिका : अर्जाचे टप्पे

अमेरिकेच्या बाबतीत प्रथम पाहावयाचे ते जोडीदाराचे तेथील स्थान. जोडीदार अमेरिकी नागरिक असल्यास पती वा पत्नी 'निकटचे नातलग' या वर्गात येते व त्यास वार्षिक संख्येची मर्यादा नाही. जोडीदार ग्रीन कार्डधारक असल्यास अर्ज 'एफ-२ए' या वर्गात जातो. तेथे वार्षिक कोटा असून दरमहा प्रसिद्ध होणाऱ्या 'व्हिसा बुलेटिन'मध्ये आपली तारीख येण्याची वाट पाहावी लागते. दरम्यान जोडीदार नागरिक झाला, तर अर्ज पहिल्या वर्गात वळविता येतो. जोडीदार एच-१बी व्हिसावर असल्यास एच-४ हा आश्रिताचा व्हिसा मिळतो. तो आप्रवासी व्हिसा नव्हे. एच-४ धारकांपैकी काहींना २६ मे २०१५ पासून कामाचा परवाना मिळू लागला, मात्र पतीची ग्रीन कार्डची प्रक्रिया विशिष्ट टप्प्यावर पोहोचलेली असणे त्यासाठी आवश्यक असते.

आप्रवासी व्हिसाची प्रक्रिया 'आय-१३०' या अर्जाने सुरू होते. तो अमेरिकेतील जोडीदाराने तेथील नागरिकत्व व आप्रवासन सेवेकडे दाखल करावयाचा असतो. १ एप्रिल २०२४ पासून त्याचे शुल्क कागदी अर्जास ६७५ डॉलर व ऑनलाइन अर्जास ६२५ डॉलर असे ठरविण्यात आले. शुल्क बदलत असल्याने भरण्यापूर्वी अधिकृत संकेतस्थळ पाहावे. मंजुरीनंतर प्रकरण न्यू हॅम्पशायरमधील राष्ट्रीय व्हिसा केंद्राकडे जाते. तेथे 'डीएस-२६०' हा ऑनलाइन अर्ज, नागरी दाखल्यांच्या स्कॅन प्रती आणि 'आय-८६४' हे आर्थिक पाठबळाचे हमीपत्र द्यावे लागते. हमी देणाऱ्याचे उत्पन्न सामान्यतः तेथील दारिद्र्य मर्यादेच्या किमान १२५ टक्के असावे लागते. ते कमी पडल्यास संयुक्त हमीदार घेता येतो.

पोलीस पडताळणी दाखला भारतीय अर्जदारांनी पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळवावयाचा असतो. केवळ स्थानिक पोलीस ठाण्याचे पत्र चालत नाही. अर्जदार वयाच्या सोळाव्या वर्षानंतर अन्य देशात एक वर्ष वा अधिक काळ राहिला असल्यास त्या देशाचाही दाखला लागतो. कोणाचाही पूर्वविवाह झालेला असल्यास घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत किंवा पूर्वीच्या जोडीदाराचा मृत्युदाखला जोडावा. नोटिशीच्या कागदावर लिहून घेतलेली सोडचिठ्ठी येथे उपयोगाची नाही.

वैद्यकीय तपासणी दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते. भारतातील आप्रवासी व्हिसाच्या मुलाखती प्रामुख्याने मुंबईत होतात. अमेरिकी वकिलात २०११ मध्ये ब्रीच कँडी येथून वांद्रे-कुर्ला संकुलात हलली. कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने रातोरात जाऊन सकाळी मुलाखत देण्याचा बेत अनेक जण आखतात. गाडीस विलंब होण्याची शक्यता पाहता आदल्या दिवशी मुंबईत पोहोचणे श्रेयस्कर. वकिलातीत मोबाइल नेता येत नाही. मूळ कागदपत्रे मात्र सर्वच्या सर्व सोबत असावीत. एखादा कागद कमी पडल्यास '२२१-जी' कलमाखाली प्रकरण थांबविले जाते. तो कायमचा नकार नसतो, तथापि पूर्ततेत पुन्हा काळ जातो.

प्रवेशाच्या दिवशी विवाहास दोन वर्षे पूर्ण झालेली नसल्यास दोन वर्षांचे सशर्त ग्रीन कार्ड मिळते. ते संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत शर्त हटविण्यासाठी 'आय-७५१' अर्ज करणे विसरू नये.

संसार खरा आहे, हे कसे दाखवावे?

ठरवून झालेल्या विवाहांत पतीपत्नींचा सहवास काही आठवड्यांचाच असतो. विवाह केवळ व्हिसासाठी झालेला नाही, हे पटवून देण्याची जबाबदारी अर्जदारांवर असते. साखरपुडा, हळद व लग्न यांतील दोन्हीकडच्या नातलगांसह छायाचित्रे, लग्नपत्रिका, विमानाची तिकिटे, पासपोर्टावरील शिक्के, दूरध्वनी व संदेशांच्या नोंदी, बँकेतून पाठविलेली रक्कम, विमा वा खात्यातील वारसनोंद असे पुरावे पहिल्या दिवसापासून तारीखवार जमवावेत. शंभर छायाचित्रांपेक्षा निरनिराळ्या महिन्यांतील निवडक वीस अधिक बोलकी ठरतात. जे नाही ते दाखविण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. खोटा कागद वा खोटी माहिती उघडकीस आल्यास अमेरिकेत प्रवेशासाठी कायमची अपात्रता ओढवू शकते.

ब्रिटन, जर्मनी व कॅनडा

ब्रिटनमध्ये पतीपत्नी व्हिसासाठी किमान वार्षिक उत्पन्नाची अट आहे. जुलै २०१२ मध्ये ती १८,६०० पौंड होती, ११ एप्रिल २०२४ पासून ती २९,००० पौंड करण्यात आली. याखेरीज इंग्रजीची प्राथमिक परीक्षा आणि मान्यताप्राप्त केंद्रातील क्षयरोग तपासणीचा दाखला लागतो. जर्मनीसाठी सर्वसाधारणपणे 'ए-१' पातळीचे जर्मन भाषाज्ञान आवश्यक असते. जोडीदार 'ब्लू कार्ड'धारक असल्यास ही अट नसते. कोल्हापूरकरांना या परीक्षेसाठी पुण्याचे मॅक्सम्युलर भवन सोयीचे पडते. कॅनडात जोडीदारास तीन वर्षांच्या पालनपोषणाची हमी द्यावी लागते.

अपोस्टिल या परराष्ट्र मंत्रालयाच्या साक्षांकनाविषयी बराच गैरसमज आढळतो. भारतात ही पद्धत २००५ पासून लागू आहे. अमेरिकेच्या आप्रवासी व्हिसासाठी तिची सहसा गरज नसते, अन्य काही देश मात्र ती मागतात. दलालाच्या सांगण्यावरून खर्च करण्यापूर्वी त्या देशाची अधिकृत यादी वाचावी.

सावधगिरी वधूपक्षाची

कागदपत्रांची देवाणघेवाण एकतर्फी नसावी. वराच्या पासपोर्टाची व व्हिसाची प्रत, परदेशातील पत्ता, नोकरीचे पत्र आणि पूर्वविवाहाविषयीची माहिती विवाहापूर्वी मागून घेण्यात कोणताही अपमान नाही. लग्नानंतर अर्जच दाखल न करणारे, पत्नीला वर्षानुवर्षे झुलवत ठेवणारे पती आढळल्यानेच केंद्र सरकारने २००९ मध्ये राष्ट्रीय महिला आयोगाकडे अनिवासी भारतीय विवाहांतील तक्रारींचे काम सोपविले. अर्ज दाखल झाल्यावर मिळणारी पावती व तिचा क्रमांक वधूने स्वतःकडे ठेवावा. त्यावरून प्रकरणाची स्थिती संकेतस्थळावर तिला स्वतः पाहता येते. विवाह प्रमाणपत्राची मूळ प्रतही तिच्याच हाती असावी.

अखेरीस, सर्व कागदांचे तीन संच करावेत : एक मूळ, एक छायाप्रतींचा व एक स्कॅन केलेला. प्रत्येक कागदावरील नाव, जन्मतारीख व गावाचे नाव एकमेकांशी ताडून पाहावे. हे काम दोन्ही घरांतील कोणा जाणत्या माणसाने पुन्हा एकदा स्वतंत्रपणे करावे. प्रतीक्षेचा काळ कमी करणे अर्जदाराच्या हाती नसते. आपल्या चुकीने तो वाढू न देणे मात्र निश्चितच असते.