मराठी कादंबरीतील ताट आणि भूक

ग्रंथालयाच्या वर्गीकरणात पाकशास्त्र आणि कादंबरी यांची गाठ पडत नाही. ड्यूई यांच्या दशांश पद्धतीत पाककलेची पुस्तके ६४१ या क्रमांकाखाली लागतात, तर मराठी वाङ्मय ८९१.४६ खाली. मराठी माणसाच्या अन्नाचा इतिहास जाणू पाहणाऱ्यास मात्र या दोन्ही कपाटांपाशी जावे लागते. पदार्थ कसा करावा हे पहिल्या कपाटात सापडते. तो कोणाच्या पानात पडला आणि कोणाच्या पानात पडला नाही, हे दुसऱ्या.

रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी अठरा वर्षे, १८५७ मध्ये, बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी हिंदू विधवांची दुःस्थिती मांडण्यासाठी अवतरली होती. उच्चवर्णीय घरांतील विधवेने सर्वांसाठी रांधावे आणि स्वतः एकभुक्त राहावे, अशी त्या काळची रूढी होती. पाकपुस्तकाला या रूढीची नोंद घेण्याचे कारण नव्हते. कादंबरीला ती टाळता येणे शक्य नव्हते. पुढे हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’मधून क्रमशः येऊ लागली, तेव्हा माजघरातील जग वाचकांनी यमुनेच्याच तोंडून ऐकले.

साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. तिच्यातील अळणी भाजीचा प्रसंग घरोघरी ठाऊक आहे. भाजीत मीठ नाही हे जाणूनही वडील काही बोलत नाहीत, म्हणून मुलेही बोलत नाहीत. आई जेवायला बसते तेव्हा तिला आपली चूक उमगते. करणाऱ्याच्या श्रमांचा मान राखावा, हा बोध आपण त्यातून घेत आलो, आणि तो योग्यच आहे. परंतु हा सारा प्रसंग एका गृहीतावर उभा आहे : आई सर्वांच्या मागून जेवते. ती पंक्तीत असती तर ही गोष्टच घडली नसती. त्या काळी याचे कोणालाही नवल वाटत नव्हते. इतिहासाच्या अभ्यासकाला अशा अनायास आलेल्या नोंदीच अधिक मोलाच्या असतात.

स्वातंत्र्योत्तर काळात कादंबरी स्वयंपाकघराबाहेर पडली आणि शेतात, माळावर व गावकुसाबाहेर गेली. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) पाऊस पाठ फिरवतो आणि मेंढरांमागे अवघे गाव उठून जाते. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’त (१९५९) दुष्काळाने गांजलेल्यांसाठी नायक धान्य लुटतो व वाटतो. कायद्याच्या लेखी तो दरोडा. कादंबरी मात्र उपाशी माणसाच्या बाजूने साक्ष देते. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मध्ये (१९६०) वऱ्हाडातील कौतिकचा सारा संसार चूल पेटती ठेवण्याच्या झुंजीत खर्ची पडतो. इथे चवीचा प्रश्न उरत नाही. संध्याकाळी पीठ आहे की नाही, एवढाच प्रश्न असतो. १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने मध्यमवर्गीय घरांत मानाचे स्थान मिळविले. या दोन पुस्तकांत अवघ्या दहा वर्षांचे अंतर आहे, आणि दोन्हींतील महाराष्ट्र तितकाच खरा आहे.

आपल्या सीमाभागातील वाचकांस या संदर्भात निपाणीच्या महादेव मोरे यांचे स्मरण व्हावे. पिठाची गिरणी चालवीत त्यांनी तंबाखू कामगारांच्या आणि मोटारधंद्यातील माणसांच्या कथा लिहिल्या. कोणाच्या घरचे दळण पायलीचे आणि कोणाचे ओंजळभर, हे गिरणीवाल्यास कोणी सांगावे लागत नाही.

शताब्दीच्या निमित्ताने सभासदांनी आपल्या संग्रहातील जुन्या कादंबऱ्या पुन्हा एकदा हाती घ्याव्यात. या खेपेस कथानकाबरोबरच पंक्तीकडेही लक्ष द्यावे : कोण वाढते आहे, कोण शेवटी बसते आहे आणि कोणाला पानच मांडलेले नाही.